बँकॉकचं लायसन्स आणि घरमालकिणीची पावती

बँकॉकमध्ये गाडी चालवणं आपल्याला जड जात नाही. वाहतूक डावीकडूनच, स्टिअरिंग उजवीकडे, आणि कर्वे रोडवर हात बसलेला असेल तर सुखुम्वितच्या कोंडीचं काही वाटत नाही. इथे हॉर्न जवळजवळ वाजतच नाही, सवय करावी लागते ती त्याची. जड जातं ते लायसन्स काढणं. तेही परीक्षेमुळे नव्हे, पत्त्यामुळे.

नोकरी नवऱ्याची. माझा व्हिसा त्याच्यावर अवलंबून असलेला, ‘नॉन-ओ’. त्याच्याकडे वर्क परमिट आहे, त्यावर पत्ता आहे आणि लायसन्सच्या खिडकीवर तो पत्ता चालतो. माझ्याकडे काय? घराचा करार नवऱ्याच्या नावावर, लाइटबिल मालकिणीच्या नावावर. पासपोर्टावर कोथरूडचा पत्ता, त्याचा इथे उपयोग शून्य. इतके दिवस लेकीला शाळेत सोडायला टॅक्सी पुरत होती. पण पावसाळ्यात गल्लीत पाणी भरलं की टॅक्सी आत यायला तयार नसते आणि ॲपवरचं भाडं दुप्पट होतं. राहता राहिले नारिंगी जाकिटातले मोटरसायकलवाले. त्यांच्यामागे सात वर्षांच्या मुलीला घेऊन बसायची माझी हिंमत नाही. म्हणून गाडी, आणि म्हणून लायसन्स.

वर्क परमिट नसलेल्याने इमिग्रेशनकडून राहत्या जागेचा दाखला आणायचा. इमिग्रेशनचं ऑफिस चेंग वत्थनाच्या सरकारी संकुलात, बी इमारतीत आहे. शहराच्या पार उत्तरेला. २०२३ च्या अखेरीस गुलाबी मोनोरेल सुरू झाली, तेव्हापासून निदान तिथे पोचणं सुसह्य झालंय. दाखल्याच्या टेबलावर पासपोर्ट ठेवला, की तो उघडायच्या आधीच विचारतात, टीएम ३० ची पावती कुठे आहे?

नवीन आलेली मंडळी इथे हमखास गोंधळतात, म्हणून जरा फोड करून सांगते. दर ९० दिवसांनी आपला पत्ता कळवायचा असतो, त्याचा फॉर्म टीएम ४७. ते काम आपलं. मुदतीच्या आधी १५ दिवसांपासून ते नंतर ७ दिवसांपर्यंत करता येतं, चुकलं तर २,००० बात (इथलं चलन) दंड. मध्ये देशाबाहेर जाऊन आलात तर मोजणी पुन्हा एकपासून. टीएम ३० ही वेगळीच भानगड. १९७९ च्या इमिग्रेशन कायद्याच्या ३८ व्या कलमानुसार परदेशी माणूस राहायला आला की २४ तासांत ते सरकारला कळवायचं. आणि कळवायचं कोणी, तर घराच्या मालकाने. हॉटेलं हे रोज करतात, आपल्याला पत्ताही लागत नाही. खासगी फ्लॅटचे मालक मात्र बरेचदा करत नाहीत. कोणाला माहीत नसतं, कोणाला कंटाळा, आणि भाड्याचं उत्पन्न सरकारदरबारी दिसू नये असंही काहींना वाटतं. म्हणजे काम मालकाचं आणि खोळंबा भाडेकरूचा. लायसन्सच काय, व्हिसाची मुदत वाढवायला गेलात तरी हीच पावती विचारतात.

आमची मालकीण चियांग माईला राहते. सगळा व्यवहार लाइन ॲपवर. मी विचारलं तर तिने वाकून नमस्कार करणाऱ्या अस्वलाचं स्टिकर पाठवलं. पुन्हा विचारलं तर दुसरं अस्वल आलं. घर दाखवणारा एजंट म्हणाला, “याची काही गरज नसते.” कमिशन मिळाल्यावर त्याला कशाचीच गरज वाटत नव्हती.

आमच्याच इमारतीत नागपूरच्या एक वहिनी आहेत, इथे मुरलेल्या. त्यांना सांगितलं तर म्हणाल्या, “तिला कायदा शिकवायला जाऊ नकोस गं. घाबरून घर रिकामं करा म्हणेल. दंड आम्ही भरतो, तुम्हाला यायची गरज नाही, फक्त एवढे कागद सही करून पाठवा, असं थाईत लिहून एकाच मेसेजमध्ये टाक. आणि भाडं जमा केलंस ना, त्याच दिवशी टाक.”

तसंच केलं. इमारतीच्या ऑफिसातल्या मुलीने थाईत मेसेज लिहून दिला. मालकिणीचा होकार संध्याकाळच्या आत आला, या वेळी अस्वलाशिवाय.

टपालाने पाकीट आलं. त्यात होतं तिचं मुखत्यारपत्र, वर १० बातचं तिकीट चिकटवलेलं, शिवाय तिच्या ओळखपत्राची आणि घराच्या नोंदणीवहीची झेरॉक्स. या वहीला ‘थाबियन बान’ म्हणतात. प्रत्येक घराची एक असते, आपल्या रेशनकार्डासारखी जपून ठेवलेली. दोन्ही झेरॉक्सवर तिने निळ्या पेनाने आडव्या दोन समांतर रेघा मारल्या होत्या, आणि रेघांच्या मधोमध बारीक अक्षरात लिहिलं होतं, की ही प्रत फक्त अमक्या खोलीच्या टीएम ३० साठी. खाली सही आणि तारीख. इथे लोक आपल्या ओळखपत्राची प्रत अशीच देतात, म्हणजे ती दुसऱ्या कुठल्या कामाला वापरता येत नाही. मला हे इतकं पटलं, की आता मीही माझ्या आधारकार्डाच्या प्रतीवर अशाच रेघा मारते. गेल्या सुट्टीत पुण्यात एका सिमकार्डवाल्याने ती प्रत उलटसुलट करून पाहिली होती.

पुन्हा चेंग वत्थना. इमारतीतच झेरॉक्स आणि फोटोची दुकानं आहेत, जेवणाची सोय आहे, फक्त एसी इतका की शाल न्यावी. पासपोर्टाच्या प्रत्येक झेरॉक्सवर आपली सही लागते, ती आधीच ठोकून ठेवायची, नाहीतर नंबर आल्यावर खिडकीसमोर उभ्याने सह्या करत बसायचं. दंड ८०० बात झाला. तो मी भरला, कारण तसं कबूलच केलं होतं. फॉर्मच्या तळाशी असलेली चिटोरी फाडून, शिक्का मारून, पासपोर्टात स्टेपल करून दिली. ज्या कागदापायी एवढी धावपळ, तो कागद लोकलच्या जुन्या तिकिटापेक्षा थोडाच मोठा.

ती चिटोरी जागेवर आली आणि पुढचं सगळं सरळ झालं. राहत्या जागेच्या दाखल्याचा अर्ज घेतला गेला. दाखला हातात पडायला काही आठवडे गेले, पण त्यात आपण करण्यासारखं काही नसतं. मेडिकल सर्टिफिकेट कोपऱ्यावरच्या दवाखान्यात चहा उकळेपर्यंत झालं: वजन, रक्तदाब, “काही आजार?” “नाही”, शिक्का.

लायसन्सचं ऑफिस चतुचकला, मो चित स्टेशनजवळ. ॲपवरून आधी वेळ घ्यावी. निघण्यापूर्वी पुण्याच्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढला होता. तो वर्षभरच चालतो, पण त्याच्या जिवावर माझी लेखी परीक्षा आणि ट्रॅकवरची परीक्षा टळली. येणाऱ्यांनी तो काढूनच यावं. राहिल्या शरीराच्या चाचण्या. रंग ओळखायचे, लाल, पिवळा, हिरवा. एका यंत्रात तोंड घालून समोर बघायचं आणि बाजूला लागणारे दिवे ओळखायचे. खोट्या पेडलवर पाय ठेवून लाल दिवा लागताच ब्रेक दाबायचा. सगळ्यात गंमत दांड्यांची. लांबवरच्या पेटीत दोन काठ्या असतात, त्यातली एक बटणाने मागेपुढे सरकवून दुसरीच्या अगदी शेजारी आणायची. माझ्यापुढचे एक आजोबा काठी थेट भिंतीला टेकवून थांबले. परीक्षक बाईंनी हसून त्यांना दुसरी संधी दिली.

२०५ बात भरले, फोटो काढला, कार्ड तिथल्या तिथे. दोन वर्षांची मुदत. कार्डावर बौद्ध वर्षही असतं, आपल्या सनात ५४३ मिळवलेलं, त्यामुळे मुदतीची तारीख बघून आईने फोनवर विचारलं की हे काय पाच शतकं चालतं का.

लगोलग एक गोष्ट सांगून टाकते, कारण ती दरवर्षी कोणाला ना कोणाला भोवते. गणपतीला घरी जाताना री-एंट्री परमिट घेतल्याशिवाय विमानात बसू नका. एका वेळचं १,००० बात, कितीही वेळांचं ३,८००. ते नसेल तर देशाबाहेर पाऊल टाकताच वाढवून घेतलेला व्हिसा रद्द होतो आणि सगळं पहिल्यापासून.

यंदा आम्ही त्याच गल्लीत दुसरं घर घेतलं, खालच्या मजल्यावरचं आणि बाल्कनी मोठी असलेलं. दोन महिन्यांचं डिपॉझिट मोजण्याआधी करारात एक ओळ घालून घेतली, की राहायला आल्यापासून २४ तासांत मालक टीएम ३० भरतील आणि पावतीचा फोटो पाठवतील. नव्या मालकांनी ती ओळ वाचली, मान डोलावली आणि सामान चढवत होतो तेव्हाच पावती लाइनवर पाठवून दिली.