संघातील श्रमविभागणी

शाळेने आम्हाला अर्थशास्त्राच्या आंतरशालेय संघस्पर्धेसाठी निवडले तेव्हा आमच्या मनात अशा स्पर्धेचे जे चित्र होते ते सामान्यज्ञानाच्या प्रश्नमंजूषेहून फारसे वेगळे नव्हते. व्याख्या पाठ कराव्यात, आलेख अचूक काढावेत आणि घंटी आधी दाबावी. तसा भागही असतोच. परंतु खरा कस लागतो तो एखादी समस्या हाती देऊन ठराविक वेळात संघाकडून उपाय मागितला जातो तेव्हा. 2018 साली मॉस्कोत सुरू झालेल्या आंतरराष्ट्रीय अर्थशास्त्र ऑलिंपियाडमध्येही लेखी परीक्षा ज्याची त्याने द्यायची असते, पण व्यवसायविषयक समस्या पाच जणांच्या संघाने मिळून सोडवून परीक्षकांपुढे मांडायची असते.

आमच्या संघात एक मुलगी गणितातही सर्वांत तरबेज होती आणि बोलण्यातही. साहजिकच पहिल्या सरावात दोन्ही कामे तिच्याकडे गेली आणि बाकीचे आम्ही तिची आकडेमोड संपण्याची वाट पाहत बसलो. अर्थशास्त्राच्या बाईंनी त्यावर काहीही न सुनावता फळ्यावर इंग्लिश अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड रिकार्डोने 1817 साली दिलेले आकडे लिहिले. ठराविक कापडासाठी इंग्लंडला वर्षभर 100 माणसांचे श्रम लागतात आणि ठराविक मद्यासाठी 120 माणसांचे. तेच कापड पोर्तुगालमध्ये 90 आणि तेच मद्य 80 माणसांत तयार होते. दोन्ही बाबतींत पोर्तुगाल सरस असूनही त्याने मद्यच करावे आणि कापड इंग्लंडकडून घ्यावे, कारण 80 माणसांच्या श्रमाचे मद्य देऊन त्याला असे कापड मिळते, जे घरी करायला 90 माणसे लागली असती. हा धडा आम्ही परीक्षेसाठी आधीच वाचलेला होता. तो आपल्याच टेबलाला लागू पडतो हे मात्र त्या दिवशी दिसले. आकडेमोडीत इतर जण तिच्याहून थोडेच मागे होते, पण परीक्षकांच्या उलटतपासणीला तोंड देण्यात तिच्या जवळपासही कोणी नव्हते. तेव्हापासून गणिते आम्ही केली आणि मांडणी तिने.

(अमेरिकेतील ‘नॅशनल इकॉनॉमिक्स चॅलेंज’ या शालेय स्पर्धेत एका विभागाला ॲडम स्मिथचे आणि नवख्यांच्या विभागाला रिकार्डोचे नाव आहे, हे मला पुढे कळले. सर्वसामान्यांना चटकन न पटणारा सिद्धांत मांडणाऱ्याकडे नवखे सोपवावेत, याची मला गंमत वाटते.)

उलटतपासणीचे स्वरूप बहुधा एकच असे. घरभाड्यावर कमाल मर्यादा घालावी असे आम्ही सुचवले की परीक्षक विचारत, ‘बरे, मग पुढे?’ भाडे कमी झाले की मागणी वाढेल, परंतु घर भाड्याने देण्यातील लाभ घटल्याने पुरवठा आक्रसेल. ज्यांना आधीच घर मिळाले आहे त्यांचे भले होईल, पण नव्याने घर शोधणाऱ्यांना ते मिळणे कठीण जाईल. प्रवासभाडे वाढवले तर उत्पन्न वाढेलच असे नाही, कारण ते मागणीच्या लवचिकतेवर, म्हणजे भाडे वाढल्यावर प्रवासी किती घटतात यावर, अवलंबून असते. अशा प्रत्येक ‘मग पुढे’साठी संघात किमान एक जण प्रस्तावाच्या विरोधात ठाम उभा राहणारा हवा असतो. आमच्याकडे तसा एक होता आणि सरावात तो कमालीचा त्रासदायक वाटे.

शाळा यापुढेही संघ पाठवणार असेल तर माझी सूचना एवढीच की निवड केवळ गुणपत्रिका पाहून करू नये. पाचपैकी एक जागा त्या वाद घालणाऱ्यासाठी राखून ठेवावी आणि त्याची ओळख वर्गशिक्षकांकडून करून घ्यावी. त्यांना तो नक्कीच ठाऊक असतो.