दाट रक्त आणि औषधाची निवड : माझा अनुभव

हिमोग्लोबिन वाढलंय म्हटलं की लोक म्हणतात, बरंच आहे की! माझं वाढलं होतं ते पॉलिसायथेमिया व्हेरामुळे. यात अस्थिमज्जा गरज नसताना लाल पेशी बनवत राहते, रक्त दाट होतं आणि गुठळी होण्याची भीती असते. सुमारे ९५ टक्के रुग्णांत सापडणारा जेएके२ जनुकातला बदल माझ्यातही निघाला.

डिचोलीहून बांबोळीला गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात) जाऊन रक्त काढून घेणं सुरू झालं, जोडीला कमी मात्रेची अ‍ॅस्पिरिन. हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातला लाल पेशींचा वाटा, ४५ टक्क्यांच्या खाली हवं, हे डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बजावलं. इटलीत ३६५ रुग्णांवर झालेला अभ्यास २०१३ साली छापून आला. हिमॅटोक्रिट ४५ ते ५० मध्ये राहिलेल्यांना, ४५ च्या खाली राहिलेल्यांपेक्षा, गुठळ्या आणि हृदयविकाराने मृत्यू यांचा धोका जवळजवळ चौपट होता. हे कळल्यावर सुईचा कंटाळा केला नाही. रक्त काढून शरीरातलं लोह कमी होतं, पण लोहाच्या गोळ्या स्वतःहून घ्यायच्या नाहीत. त्याने लाल पेशी पुन्हा वाढतात.

साठी ओलांडलेली असल्याने पेशी आटोक्यात ठेवणारं औषधही लागणार होतं. मुलगी म्हणाली, "आई, इंटरफेरॉन घे ना, ते मुळावर काम करतं म्हणतात." खरं आहे, काही रुग्णांत त्या बदललेल्या पेशींचं प्रमाणच घटतं. पण मला थायरॉइडचा जुना त्रास, आणि मन खचण्याचा काळही मी पाहिलेला. डॉक्टर म्हणाले, "बाई, तुमच्यासाठी हे इंजेक्शन मी आधी निवडणार नाही." दोन्ही त्रास त्याने उफाळू शकतात. दुसरं औषध रुक्सोलिटिनिब, पण ते महाग, त्यात नागीण होण्याचा धोका, आणि ते सहसा हायड्रॉक्सीयुरिया ही पेशी आटोक्यात ठेवणारी कॅप्सूल लागू पडली नाही किंवा सोसली नाही तर देतात.

म्हणून हायड्रॉक्सीयुरिया. स्वस्त कॅप्सूल, डॉक्टरांच्या सवयीची. मात्र पांढऱ्या पेशी फार उतरू नयेत म्हणून रक्ततपासणी चुकवता येत नाही. उन्हाने त्वचेला अपाय होतो, तेव्हा कुळागरात (माडा-पोफळीच्या बागेत) आता सकाळी लवकरच जाते, पूर्ण बाह्यांचा ब्लाऊज घालून. घोट्यापाशी जखम होऊन चिघळू शकते, म्हणून रात्री पाय धुताना घोटे नीट पाहते. अंगठ्याच्या नखावर काळसर उभी रेघ उमटली आहे, ती औषधाचीच.

हिमॅटोक्रिट आता ४३ आहे. आंघोळीनंतर सुटणारी खाज मात्र थांबलेली नाही, आणि रुक्सोलिटिनिबने ती बऱ्याच जणांची कमी होते. पुढच्या खेपेस डॉक्टरांना तेच विचारायचं आहे: नुसत्या खाजेसाठी औषध बदलावं का?