तुमच्याकडे असं काही असतं का?

हिरवळीवर चादर अंथरून मी डब्यातलं थालीपीठ मोडत होते तेवढ्यात शेजारच्या फोल्डिंग टेबलावरच्या आजोबांनी वाकून विचारलं, तुमच्याकडे असं काही असतं का? काळा सूट, गळ्याला बो आणि पायात चक्क चिखलाचे बूट!

मी पटकन म्हटलं, नाही हो.

ग्लाइंडबोर्न, इंग्लंडमधला ऑपेरा महोत्सव. लंडनच्या व्हिक्टोरिया स्टेशनवरून लुईसपर्यंत ट्रेन आणि पुढे बस, भर दुपारी ट्रेनमध्ये पैठणी नेसून बसले होते आणि समोर दोघं टक्सीडोत, त्यामुळे लाज वगैरे काही वाटली नाही. ऑपेरा मोझार्टचा, फिगारो. 1934 साली इथला पहिला प्रयोगही ह्याचाच. नोकर मिळून मालकाची जिरवतात अशी गोष्ट, तीही जमीनदाराच्या वाड्यात बघायची, गंमतच आहे. मध्ये दीड तासाचा इंटरव्हल, सगळे जेवायला बागेत आणि खंदकापलीकडे मेंढ्या निवांत चरतायत.

परतीच्या ट्रेनमध्ये एकदम आठवलं, अगं सवाई! पुण्याचा शास्त्रीय संगीताचा महोत्सव. रमणबागेत बाबांच्या शालीत गुंडाळून सतरंजीवर बसायचे, मागे थर्मास, मध्येच उठून गरम वडा आणि परत येईपर्यंत जागा गेलेली. 1953 पासून चाललंय, म्हणजे यांच्यापेक्षा एकोणीसच वर्षांनी लहान.

आजोबांनी तर सहज विचारलं होतं, टोमणा अजिबात नव्हता. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, थालीपीठ तरी दिलंस का त्यांना?

तेही नाही दिलं.