संपादकपद सोडताना

अंबाजोगाई, रविवार

संपादकपदाचा राजीनामा आज मंडळाकडे दिला. विशेष शाळांतील शिक्षकांची निरीक्षणे शाळेच्या दप्तरातच राहू नयेत, ती पारखून छापली जावीत, या हेतूने बौद्धिक दिव्यांगत्वावरील संशोधनाचे हे नियतकालिक आम्ही सुरू केले. प्रकृती ठीक आहे, मतभेदही नाहीत. परंतु संस्थापक फार काळ खुर्चीवर राहिला की समीक्षक निबंधाऐवजी त्याचा कल पाहू लागतात.

या कामातले सर्वांत मोलाचे काय, असे नव्या संपादक मॅडमनी विचारले, तेव्हा मला ऊसतोड कामगारांच्या मुलांवरचा एक निबंध आठवला. व्हाइनलँड सामाजिक परिपक्वता श्रेणीचे डॉ. मालिन यांनी नागपुरात तयार केलेले भारतीय रूप त्यात वापरले होते. मूल स्वतः जेवते का, कपडे घालते का, हे या चाचणीत मुख्यतः जवळच्या माणसाला विचारून नोंदवतात. दिवाळीच्या सुमारास आईवडील उचल घेऊन कारखान्याकडे जातात आणि मूल आजीजवळ राहते. हंगामात उत्तरे आजीने दिली होती, पावसाळ्यात आईने. आणि गुणांतला फरक लेखिकेने मुलांची प्रगती मानला होता. आजी मायेने घास भरवते, म्हणून ‘हाताने खात नाही’ असे सांगते. तेच मूल आईसमोर भाकरी कुस्करून खाते. माहिती कोणी दिली याचा स्वतंत्र रकाना करा, असे कळवून आम्ही निबंध परत पाठवला, आणि लेखिकेने पुन्हा घरोघरी जाऊन तो सुधारला. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात आरक्षणासारख्या लाभांना किमान 40 टक्के दिव्यांगत्वाची अट असल्याने हे गुण कोणाच्या तोंडून आले, याला फार महत्त्व आहे.

प्रौढांवरचे संशोधन मात्र अजून तोकडे आहे. अठरा वर्षांनंतर कायदेशीर पालकत्वासाठी 1999च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखालील स्थानिक समितीकडे अर्ज करावा लागतो. थकलेल्या आईवडिलांना तो कसा झेपतो, यावरचा एक चांगला निबंध समीक्षेत आहे. तो मॅडमकडे सोपवला, माझे मत न जोडता. सल्लागार मंडळावर माझे नाव घालू नये, असेही कळवले आहे. समीक्षेसाठी निबंध पाठवले तर मात्र आनंदाने वाचीन.