स्वतःच्याच निर्मितीला आवर घालणारे विकर

प्रथिनांचे नियमन म्हटले की आपले लक्ष बहुधा जनुकाकडे, म्हणजेच प्रतिलेखनाकडे (जनुकाची आरएनएरूपी प्रत बनण्याकडे) जाते. थायमिडिलेट सिंथेज या विकराबाबत (एन्झाइमबाबत) मला त्यापुढचा टप्पा अधिक विचार करण्याजोगा वाटतो, कारण तयार झालेले विकर स्वतःच्याच संदेशवाहक आरएनएला (प्रथिनाचा संकेत वाहणाऱ्या प्रतीला) चिकटून त्याचे भाषांतरण, म्हणजे त्यावरून प्रथिन बनणे, रोखू शकते.

डीयूएमपी या रेणूपासून डीटीएमपी हा डीएनएचा थायमिनयुक्त घटक बनवणे हे या विकराचे नेहमीचे काम. डीएनएसाठी लागणारे थायमिन पेशीला नव्याने घडवायचे असेल, तर हाच मार्ग आहे. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, पेशीविरहित भाषांतरण-मिश्रणात शुद्ध मानवी विकर घातल्यावर त्याच्याच आरएनएपासून होणारी निर्मिती घटल्याचे दिसले. विकर चिकटण्याची एक जागा आरएनएच्या त्या घडीत आहे जिच्यात भाषांतरणाचा आरंभ-संकेतच सामावलेला आहे; दुसरी जागा प्रथिनाचा संकेत वाहणाऱ्या भागात आहे.

या यंत्रणेचा खरा गाभा मात्र पुढे आहे. विकराला डीयूएमपी किंवा फोलेटपासून बनलेले सहविकर (विकराला कामात साथ देणारा रेणू) जोडले गेले, की आरएनएवरील त्याची पकड सुटते. याचा अर्थ, पेशीत एकूण विकर किती आहे यापेक्षा रिकामे विकर किती आहे, यावर हे नियंत्रण अवलंबून असते. काम साचले की अडसर आपोआप दूर होतो, आणि त्यासाठी वेगळ्या नियंत्रक प्रथिनाची गरज पडत नाही.

कर्करोगावरील ५-फ्लुरोयुरॅसिल या औषधाचा विचार येथे टाळता येत नाही. पेशीत त्याचे रूपांतर डीयूएमपीसारख्याच एफडीयूएमपीमध्ये होते, आणि तो रेणू विकर व सहविकर यांच्यासह असा घट्ट त्रिक-संयुग बनवतो की विकर निकामी होते. पण अडकलेले विकर आरएनएलाही धरू शकत नाही, त्यामुळे नव्या विकराच्या निर्मितीची वाट मोकळी होते. उपचारानंतर पेशींतील विकराची पातळी वाढते आणि औषधाचा प्रभाव कमी होऊ शकतो, याचे एक स्पष्टीकरण असे दिले गेले. नंतरच्या काही प्रयोगांनी मात्र औषधाने बांधलेले विकर सावकाश विघटित होते आणि पातळीतील वाढ मुख्यतः त्यामुळे होते, असे दाखवले. हा आक्षेप मला अतिशय महत्त्वाचा वाटतो, कारण विकराची केवळ एकूण पातळी मोजून निर्मिती वाढली की विघटन घटले, हे सांगता येत नाही.

ई. कोलाय जीवाणूतील थ्रिओनिल-टीआरएनए सिंथेटेजचे उदाहरण याहून नितळ आहे. हे विकर थ्रिओनिन हे अमिनो आम्ल त्याच्या टीआरएनएला, म्हणजे अमिनो आम्ल वाहून आणणाऱ्या आरएनएला, जोडते. त्याच्या संदेशवाहक आरएनएचा आरंभीचा एक भाग थ्रिओनिनच्या टीआरएनएच्या प्रतिसंकेत-भुजेसारखा (संदेशवाहक आरएनएवरील संकेत ओळखणाऱ्या भागासारखा) दुमडलेला असतो; विकर त्या घडीला धरते आणि प्रथिन बनवणाऱ्या रायबोझोमला जागा मिळत नाही. थ्रिओनिनचे टीआरएनए वाढले, की ते या आरएनएशी स्पर्धा करून विकर आपल्याकडे ओढून घेते आणि भाषांतरण पुन्हा सुरू होते.