जुना श्रेडर: पत्रा सोडा, पुली बघा

बागेतल्या फांद्या-पाल्याचा चुरा करणारा जुना श्रेडर विकत घ्यायला, बघायला गेलेला माणूस आधी पत्रा वाजवून बघतो. कुठं गंजलाय, कुठं ठिगळ आहे, रंग कधीचा आहे. पत्र्याचं एवढं मनावर घेऊ नये. वेल्डर तुकडा घालून हॉपर, म्हणजे फांद्या टाकायचं पत्र्याचं तोंड, पुन्हा उभा करून देतो. बघायचं ते हे, की मूळ मशीनवर मागाहून कुणी काय बदललंय. बेळगाव पट्ट्यात हा प्रश्न जास्तच येतो, कारण कारागीर जवळ आहेत. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत टर्नर आणि फाउंड्री, तालुक्याच्या गावी मोटर भरणारे, आणि निपाणीकरांना कोल्हापूरही लांब नाही. मशीन भंगारात जायच्या आधी दोन-चार हातांखालून गेलेलं असतं. जळालेल्या मोटरच्या जागी दुसरी आलेली, मिळाली ती पुली बसवलेली, पाती गाडीच्या कमानपाट्याच्या तुकड्यातून घडवलेली. यात वाईट काही नाही, फक्त हिशेब जमलेला पाहिजे.

इथं जे लिहितोय ते २-३ एचपीच्या, मोटरवर चालणाऱ्या, परड्यातल्या किंवा छोट्या बागेतल्या श्रेडरबद्दल. कडबाकुट्टी वेगळी. ती ज्वारी-मक्याच्या ताटासाठी आहे. तिच्यात आंब्याची फांदी घातली की आधी ओढणारे रोलर आणि गिअर मार खातात. अथणी-रायबागकडच्या उसाच्या पाचटालाही हे मशीन नाही, तिथं ट्रॅक्टरमागचंच लागतं.

पहिलं काम: मोटरची प्लेट वाचा. १४४० च्या आसपास आरपीएम (मिनिटाला फेरे) लिहिले असतील तर मोटर चार पोलची, २८८० च्या आसपास असतील तर दोन पोलची. मग दोन्ही पुल्यांचा व्यास टेपने मोजा. मोटरवर ६ इंची, रोटरवर (पाती बसवलेल्या फिरत्या भागावर) ४ इंची पुली असेल तर १४४० गुणिले ६ भागिले ४, म्हणजे रोटर २१६० ने फिरणार. रोटरचा व्यास ३० सेंटिमीटर धरला तर पात्याचं टोक सेकंदाला सुमारे ३४ मीटर वेगानं जातं, ते ठीक आहे. आता त्याच पुल्यांवर कुणी २८८० ची मोटर चढवली, तर रोटर ४३२० ने फिरेल. वेग दुप्पट झाला की पात्याला बाहेर ओढणारा जोर चौपट होतो, आणि तो सगळा दोन बोल्टांवर येतो. असं मशीन चालू करून दाखवताना छान सणसणीत वाटतं, विकणाराही कौतुकानं दाखवतो. अशा मशीनसमोर उभं राहू नका. उलट चूकही दिसते: पुल्यांची अदलाबदल होऊन रोटर ९६० वर आलेला. तो फांदी कापत नाही, चावतो, आणि बेल्ट घसरून काळी भुकटी पडते. प्लेटच नसेल तर मोटर भरणाऱ्याकडचा फेरे मोजणारा टॅकोमीटर लावून घ्या.

दुसरं, हॉपर. लोकांना झटपट भरता यावं म्हणून हॉपर आखूड केलेला असतो, तोंडाचे रबरी पडदे काढलेले असतात. तोंडातून पूर्ण हात घातला तरी बोटं पात्यापर्यंत पोचता कामा नयेत, ही कसोटी. पोचत असतील तर किंमत कितीही उतरू दे, आधी हॉपर वाढवून घ्यायचा. झाकण उघडल्यावर मोटर बंद करणारा स्विच असेल तर तो वायरीनं जोडून 'कायमचा चालू' केलाय का तेही बघा. बहुतेक वेळा केलेला असतो.

तिसरं, बेअरिंग. प्लग काढा, बेल्ट उतरवा, पात्यांपासून हात दूर ठेवून रोटरची पुली धरा आणि हलवा. वर-खाली खडखड लागली की बेअरिंग गेलं. हळू फिरवल्यावर वाळू भरल्यासारखा खरखर आवाज आला तरी गेलं. बेअरिंग स्वस्त असतं. महाग पडतं ते शाफ्टवर बेअरिंगची बैठक झिजलेली असणं. बेअरिंगची आतली रिंग शाफ्टवर फिरत असेल तर शाफ्ट वेल्डिंगनं भरून टर्निंग करावा लागतो. ते काम उद्यमबागेत होतं, पण खर्च किमतीतून वजा करून बोला.

आता पात्यांकडे, कारण श्रेडरचं सगळं यश तिथंच आहे. फिरत्या पात्यासमोर एक स्थिर पातं असतं. दोन्हींमधली फट १ मिलिमीटरच्या आसपास पाहिजे. फट मोजायच्या पत्त्या (फिलर गेज) नसतील तर जाड पत्रिकेचा पुठ्ठा दुमडून बघता येतो. फट २-३ मिलिमीटर झाली की लाकूड कापलं जातं, पण साल आणि ओला पाला त्या फटीत दुमडून जातो, रोटरभोवती गुंडाळतो आणि मोटर कण्हायला लागते. लोक म्हणतात पाती बोथट झाली. पाती धारदार असतात, फट वाढलेली असते. फट घालवायला स्थिर पात्याच्या लांबट भोकांतले बोल्ट सैल करून ते पुढं सरकवायचं. रोटर हातानं पूर्ण एक फेरी फिरवून प्रत्येक पात्याशी फट मोजायची, एकाच पात्याशी नाही, आणि सगळ्यात जवळच्या पात्यावर माप धरायचं. हे करताना जाड चामडी हातमोजे घाला आणि बोल्ट सैल-घट्ट करताना रोटरमध्ये लाकडी पाचर अडकवून ठेवा. एक पातं फिरवलं की दुसरं आपोआप हातावर येतं, हे विसरायला होतं.

धार लावताना मूळ कोन सोडू नका. चिपर पात्याचा कोन साधारण ३० ते ३५ अंशांचा असतो. त्याहून बारीक केला तर धार पहिल्या दिवशी सुंदर चालते आणि सुबाभळीच्या पहिल्या गाठीला दुमडते. ग्राइंडरवर हलका हात, दर दोन-तीन घासांनंतर पाण्यात बुडवणं. कडेला निळा रंग आला की तिथलं पोलाद मऊ झालं. तो भाग घासून काढावा लागतो. कमानपाट्याची पाती असतील तर उलटा धोका: लोहारानं लाल करून सरळ पाण्यात टाकली असतील तर ती काचेसारखी कडक होतात आणि दगडाला लागून तुटतात. पात्यावर केसासारखी चीर दिसली तर ते पातं वापरायचंच नाही. आणि चीर वेल्डिंगनं भरायची नाही.

घासल्यावर पाती वजन करा. स्वयंपाकघरातला ग्रॅमचा काटा पुरतो. समोरासमोरच्या पात्यांत एक-दोन ग्रॅमपेक्षा जास्त फरक नको. जड पात्याची पाठ घासून वजन जुळवायचं, धार घासून नाही. हा सोपा भाग सगळे टाळतात आणि नंतर मशीन अंगणभर चालत जातं म्हणून पायाला काँक्रीट करतात. थरथर बेअरिंग खाते, बेअरिंग शाफ्ट खातं. लटकते हॅमर असलेलं मशीन असेल तर हॅमरही समोरासमोरची जोडी मिळूनच बदलायची.

पात्याचे बोल्ट ८.८ ग्रेडचे, डोक्यावर तो आकडा छापलेला असतो. आकडा नसलेला साधा बोल्ट तिथं चालत नाही. नायलॉन रिंगवाली नट एकदा काढली की नवी घाला. नवीन बसवणीनंतर पंधरा मिनिटं चालवायचं, प्लग काढायचा, पुन्हा पाना लावायचा.

बेल्टचं गणित सोपं आहे. दोन पुल्यांमधल्या मोकळ्या भागात मधोमध अंगठ्यानं दाबा. मीटरभर अंतराला सुमारे १६ मिलिमीटर, म्हणजे ४० सेंटिमीटरच्या अंतराला ६-७ मिलिमीटर दबला पाहिजे. जास्त ताणला तर मोटरचं पुढचं बेअरिंग जातं. जोडीचे बेल्ट जोडीनंच बदला. पुल्या एका रेषेत आहेत का ते दोरी ताणून बघा: दोरी चारही काठांना टेकली पाहिजे.

वायरिंगमध्ये सगळ्यात जास्त चुका एक्स्टेंशनच्या. २ एचपीची सिंगल फेज मोटर चालताना १० अँपियरच्या आसपास घेते, सुरू होताना पाच-सहा पट. घरापासून ३० मीटरवर झाडं असतील आणि वायर १ स्क्वेअर मिलिमीटरची असेल, तर नुसत्या चालण्यात ११ व्होल्ट आणि सुरू होताना ५० ते ६५ व्होल्ट वायरीतच जातात. मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गानं पडतो: २३० च्या जागी १८० मिळाले तर जोर साठ टक्क्यांवर येतो. मग मोटर गुणगुणते, फिरत नाही, आणि माणूस कपॅसिटर बदलून आणतो. किमान २.५ स्क्वेअरची तांब्याची वायर घ्या, लांब अंतराला ४ ची, आणि गुंडाळीवरची वायर पूर्ण उलगडून वापरा; गुंडाळीत ती तापते. एमसीबी सुरू करतानाच पडत असेल तर तो 'बी' कर्व्हचा, म्हणजे सुरुवातीच्या झटक्यालाच पडणारा, असण्याची शक्यता जास्त, १६ अँपियरचा 'सी' कर्व्ह घाला. वायर जाड असून, बेल्ट उतरवूनही मोटर फक्त गुणगुणत असेल, तेव्हा कपॅसिटरकडे वळा: जुन्या डब्यावर जो आकडा आहे तोच घ्यायचा, आणि हात लावायच्या आधी तो डिस्चार्ज करायचा. सांगाड्याला अर्थिंग आणि ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच), याला पर्याय नाही.

थ्री फेज मोटर असेल तर फिरण्याची दिशा दर नव्या जोडणीला तपासा. उलटी फिरली तर पात्याची पाठ लागते, दोन वायरी बदलल्या की दिशा सुलटते.

भरण्याचं तंत्र झाडानुसार बदलतं. २ एचपीला अडीच-तीन सेंटिमीटर जाडीची फांदी खरी. विकणारा पाच म्हणाला तरी आपण तीनच धरावी. आंबा, काजू, पेरूची छाटणी दोन-तीन दिवसांत ओली असतानाच घाला, सुकलेली सुबाभूळ पात्याचा जीव काढते. जाड बुंधा आधी, शेंडा मागून. शेंडा आधी घातला तर बाजूच्या डहाळ्या हॉपरमध्ये उलट्या उघडतात. नारळाच्या झावळीचा दांडा वेगळा, पात वेगळी. हिरवी पात एकटी घातली की धागे शाफ्टला गुंडाळतात, म्हणून एक मूठ पात, एक फांदी असं आलटून-पालटून. केळीचा खुंट घालूच नका, कोयत्यानं चिरा. फणसाच्या फांद्यांचा चीक पात्यावर बसतो. तो पाण्यानं निघत नाही, खोबरेल किंवा डिझेलच्या फडक्यानं काढा. कण्हेर, शेर आणि रुई मशीनमध्ये नको: त्यांचा चीक उडून डोळ्यात गेला तर दवाखाना. बोगनवेल चालते, पण जाड हातमोजा आणि ढकलायला लाकडी काठी घ्या. लोखंडी नाही, लाकडीच.

झाडलोटीचा ढीग सरळ हॉपरमध्ये ओतणं ही पात्यांची खरी हत्या. त्यात माती असते, खडे असतात, कुंपणाची तार आणि गोणपाटाची सुतळी असते. पंज्यानं झटकून घ्या. चाळणी असेल तर ओल्याला २० मिलिमीटर, कोरड्याला १०-१२. वळवाचा पाऊस पडल्यावरचा पाला बारीक चाळणीतून काढायला गेलात तर चिखल होतो आणि अडकतो.

अडकलं तर: स्विच बंद, प्लग काढून तो डोळ्यासमोर ठेवा, रोटर पूर्ण थांबेपर्यंत थांबा, मग झाकण उघडा. काम संपलं की मोटर लगेच बंद न करता मिनिटभर रिकामी चालवा, आतलं सगळं बाहेर पडतं.

पावसाळ्याच्या आधी, खानापूरकडे तर मेअखेरीलाच, मशीन आत घ्या. ओला भुसा आत राहिला तर एका पावसाळ्यात चाळणी खाऊन टाकतो. पात्यांना तेलाचा हात, बेअरिंगला लिथियम ग्रीस, तेही डबा भरून नाही: बेअरिंगच्या घरात एक तृतीयांश ते अर्धी जागा भरली की पुरे, जास्त भरलं तर ते तापतं. बेल्ट सैल करून ठेवा. ताडपत्री थेट मोटरवर गुंडाळू नका, आत दमट राहतं. ऑक्टोबरात काढल्यावर मोटर भरणाऱ्याकडून मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावून घ्या; १ मेगाओहमपेक्षा कमी दाखवलं तर वाळवल्याशिवाय चालू करायची नाही.

निघालेला चुरा झाडाखाली ५ ते ८ सेंटिमीटर पसरा, खोडापासून वीतभर सोडून. मातीत मिसळू नका, कच्चा लाकडी चुरा मातीतलं नत्र धरून ठेवतो. खत करायचं असेल तर तीन पाट्या चुऱ्याला एक पाटी ताजं शेण, मीटरभर उंचीचा ढीग, मुठीत दाबल्यावर एखादा थेंब येईल इतपत ओल. तांबड्या मातीत कोरडा चुरा तसाच पडून राहिला तर वाळवी येते. घराच्या जोत्याला आणि लाकडी चौकटींना लागून तो टाकू नका.