वेकफिल्डची केसबुकं

इंग्लंडमधल्या लीड्सहून वेकफिल्डला ट्रेनने पंधरा-वीस मिनिटं लागतात. फिरायला आलेले लोक यॉर्क गाठतात, इथे सहसा कुणी उतरत नाही. मला मात्र इथलंच वेड्यांचं इस्पितळ बघायचं होतं. वेस्ट रायडिंगमधल्या, म्हणजे यॉर्कशायरच्या पश्चिम भागातल्या गोरगरिबांसाठी ते १८१८ साली उघडलं. जुन्या इमारतींत आता लोक राहतात, त्यामुळे तिथे फार रेंगाळले नाही. त्या काळचे रुग्ण भेटतात कर्कगेटवरच्या वेस्ट यॉर्कशायर हिस्ट्री सेंटरमध्ये, केसबुकांत, म्हणजे इस्पितळाने ठेवलेल्या रुग्णांच्या नोंदवह्यांत.

वही जाडजूड, दोन्ही हातांनी उचलावी अशी. नाव, वय, धंदा, लग्न झालंय की नाही. मग डॉक्टरने स्वतः काय पाहिलं ते, आणि त्यानंतर इतरांनी काय सांगितलं ते. हा शेवटचा भाग मी सगळ्यात सावकाश वाचला. नवरा सांगतो, शेजारीण सांगते. रुग्णाचं स्वतःचं बोलणं येतं ते वेडाचा पुरावा म्हणून. बाळंतपणानंतर बिघडलेल्या बायका, फिट येणारे, सिफिलिस मेंदूपर्यंत पोचलेले पुरुष, सगळे एकाच छपराखाली. १८६६ ते १८७६ या काळात जेम्स क्रायटन-ब्राउन इथले प्रमुख होते. भावना चेहऱ्यावर कशा उमटतात याचा अभ्यास करणाऱ्या डार्विनला त्यांनी रुग्णांचे फोटो पाठवले. त्या माणसांना कुणी विचारलं असेल का, हे काही डोक्यातून जाईना.

मेरी फ्रान्सिस हीटनसाठी तर मी मुद्दाम आले होते. डॉनकास्टरची ही संगीतशिक्षिका. तिथल्या पाद्र्याने मुलीच्या शिकवणीचे पैसे बुडवले असं तिचं म्हणणं. भर चर्चमध्ये तिने त्याला सुनावलं आणि १८३७ साली, व्हिक्टोरिया गादीवर आली त्याच वर्षी, तिची रवानगी इथे झाली. पुढची सुमारे चाळीस वर्षं तिने वेडी म्हणूनच काढली. तिथे ती कापडावर सुईदोऱ्याने आपली कैफियत लिहायची. एकेक अक्षर टाका घालून भरलेलं, आणि दाद मागायची ती थेट राणीपर्यंत. त्या वह्यांच्या ढिगाऱ्यात, मधे डॉक्टर नसलेलं असं तिचं एवढंच बोलणं मला सापडलं. तक्रार पैशांची होती, ती कुणी तपासून बघायला हवी होती, असं मला ठामपणे वाटतं. आता वेकफिल्डमध्ये तिच्या आठवणीसाठी तिच्या नावाची निळी पाटी आहे.

कुणाला आपल्या माणसाचा माग काढायचा असेल तर नाव, अंदाजे साल आणि गाव हाताशी ठेवा. आधी भरतीची नोंदवही, मग केसबुक. शंभर वर्षांच्या आतली पानं सहसा दाखवत नाहीत, आणि ते योग्यच आहे. जनगणनेत मात्र रुग्णांची बऱ्याचदा नुसती आद्याक्षरं असतात, म्हणून वय, धंदा, जन्मगाव जुळवत बसावं लागतं. मी टिपून घेतलेल्या एका बाईचं नाव अजून लागलेलं नाही. आता दफनाच्या नोंदी बघणार आहे.